आतड्यांचा दाह – लेखांक ७ : मुतखडा मूत्रपिंडात, मूळ आतड्यात

क्रोन्सच्या आजारात लहान आतड्याचा शेवटचा भाग काढून टाकलेल्या रुग्णाच्या कुशीत एखाद्या रात्री असह्य कळ उठते. घरच्यांना वाटतं, जुनं दुखणं उलटलं. सोनोग्राफीत मात्र खडा दिसतो. मग दोन सल्ले हमखास मिळतात : कळ थांबवायला डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, आणि खड्यात कॅल्शियम असतं म्हणून दूध बंद. या रुग्णाला दोन्हींनी अपाय होऊ शकतो.

डायक्लोफेनॅकच्या जातीची वेदनाशामकं आतड्याचा दाह पुन्हा भडकवू शकतात. म्हणून शिरेतून पॅरासिटामॉल, गरज पडल्यास त्याहून तीव्र औषध, हा मार्ग बरा.

दुधाचा गैरसमज अधिक खोल रुजलेला आहे. निरोगी पोटात अन्नातलं ऑक्झलेट कॅल्शियमला चिकटतं आणि शौचावाटे निघून जातं. पण पित्तक्षार शोषले जातात ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. तोच भाग आजारी असला किंवा काढलेला असला, की स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत. न पचलेली चरबी कॅल्शियमला धरून बसते, ऑक्झलेट मोकळं सुटतं आणि मोठ्या आतड्यातून रक्तात शिरतं. पुढे मूत्रपिंडात त्याचाच खडा होतो. अशा वेळी दूध-दही तोडलं, तर ऑक्झलेटला अडवणारं उरलंसुरलं कॅल्शियमही जातं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या पाहणीत वारंवार खडे होणारे १२० पुरुष पाच वर्षं तपासले गेले. कमी कॅल्शियम खाणाऱ्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडे झाले. नेहमीइतकं कॅल्शियम, पण कमी मीठ आणि कमी मांस खाणाऱ्या ६० पैकी फक्त १२ जणांना. ते आतड्याचे रुग्ण नव्हते, तरी दूध तोडण्याच्या सल्ल्यातला फोलपणा तिथेच उघडा पडला.

आतड्याच्या रुग्णांना तर बऱ्याचदा कॅल्शियमची गोळी मुद्दाम दिली जाते. ती जेवतानाच घ्यायची. रात्री झोपताना घेतलेली गोळी जेवणातल्या ऑक्झलेटला गाठतच नाही. सोबत तेल-तूप बेताचं. पालक, अळू, बीट, बदाम क्वचित. आपल्याकडची ताकातली पालक या हिशेबाने शहाणी भाजी आहे : ताक सोसत असेल, तर त्यातलं कॅल्शियम पालकातलं ऑक्झलेट पोटातच अडवतं. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या मात्र टाळाव्यात, कारण शरीरात त्याचं ऑक्झलेट होतं.

मोठं आतडं काढून पोटावर पिशवी लावलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांचं पाणी, मीठ आणि बायकार्बोनेट पिशवीवाटे वाहून जातं. लघवी थोडी आणि आम्लधर्मी होते, आणि त्यात यूरिक ॲसिडचे खडे धरतात. नुसतं पाणी भरपूर प्यायल्याने पिशवीच आणखी भरते. मीठ-साखरेचं ओआरएस लागतं. हे खडे पोटॅशियम सायट्रेटने विरघळूही शकतात. पण औषध द्रवरूपात हवं, कारण हळूहळू विरघळणारी गोळी पिशवीत जशीच्या तशी येऊन पडू शकते. म्हणूनच खडा कशाचा आहे, हे कळायला पडलेला खडा जपून तपासायला द्यावा आणि २४ तासांची लघवी तपासावी.

मोठा खडा काढण्याचे उपाय इतरांसारखेच. १९८० मध्ये म्युनिकला पहिल्यांदा वापरलेले ध्वनिलहरींचे धक्के आहेत, मूत्रमार्गातून दुर्बीण घालून लेझरने फोडणं आहे, पाठीतून छिद्र पाडून काढणंही आहे. पण आतड्याचं कारण तसंच राहिलं तर खडा पुन्हा होतो.

एक गोष्ट मात्र थांबायची नाही. खड्याने वाट अडली आणि वर जंतुसंसर्ग झाला, तर खडा फोडण्याआधी नळी घालून तुंबलेली लघवी मोकळी करावी लागते. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर ताप दबूनही राहतो. तेव्हा कुशीतल्या कळेसोबत थंडी वाजली, गळून गेल्यासारखं झालं किंवा लघवी थांबली, तर तापमापकावर विसंबू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा आणि आतड्याच्या आजाराची औषधं डॉक्टरांना आधी सांगा.