घरातली वखार

लाकडाच्या वखारीत गेलेल्या माणसाने बँडसॉ पाहिलेला असतोच. वर-खाली दोन भलीमोठी चाकं, त्यांवर ताणून चढवलेलं अखंड पोलादी पातं आणि ट्रॉलीवरून त्याच्याकडे सरकणारा सागाचा ओंडका. तेच यंत्र आता टेबलावर बसेल एवढं लहान मिळतं आणि घरच्या साध्या प्लगवर चालतं. हौसेने सुतारकाम करणाऱ्याने गोल पात्याच्या टेबल सॉआधी हे घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

कारण ते लाकूड वाचवतं. गोल पातं एका कापात साधारण तीन मिलिमीटर लाकडाचा भुसा करतं, बँडसॉचं पातं जेमतेम एक. जुन्या पलंगाचा सागवानी पाय उभा चिरला, की त्यातून डब्यांना लागणाऱ्या पातळ फळ्या निघतात. लागून निघालेल्या दोन फळ्या पुस्तकासारख्या उलगडून जोडल्या, तर रेषा समोरासमोर येतात. असं झाकण दुकानातल्या प्लायमधून कधीच होत नाही. फक्त जुन्या लाकडावर आधी लोहचुंबक फिरवावं. आत राहिलेला एक खिळा नव्या पात्याचे दात घालवतो.

बँडसॉची कल्पना जुनी. लंडनच्या विल्यम न्यूबेरी यांनी 1808 मध्ये पेटंट घेतलं, पण यंत्र चालेना. पात्याची दोन टोकं जोडून कडं करायचं, तर सांधा चाकांवर सतत वाकून तुटायचा. पुढे फ्रान्समध्ये अ‍ॅन पॉलिन क्रेपँ या बाईंनी सांधा पक्का जोडण्याची रीत शोधली आणि 1846 मध्ये तिचं पेटंट घेतलं. पॅरिसच्या पेरँ कंपनीने ते हक्क घेतले, चांगलं पोलाद वापरलं आणि बँडसॉ खऱ्या अर्थाने कारखान्यांत आला. क्रेपँ यांचं नाव सुतारकामाच्या प्रत्येक वर्गात घेतलं जायला हवं.

यंत्राचं माप चाकाच्या व्यासावरून सांगतात. नऊ इंची यंत्रात साधारण साडेतीन इंच जाडीचं लाकूड बसतं, चौदा इंचीत सहा इंच. घरासाठी नऊ-दहा इंची पुरतं. खेळणी, चमचे, खुर्चीचे वळणदार हात यांना पाव इंची पातं लावावं. ते सुमारे पाच-अष्टमांश इंच त्रिज्येचं वळण घेतं. उभं चिरायला यंत्राला झेपेल तेवढं रुंद आणि इंचाला तीन-चार दातांचं पातं हवं. दातांमधल्या खोबणीत भुसा मावला नाही, तर पातं तापतं आणि भरकटतं.

कापताना दात खाली जातात, लाकूड टेबलावर दाबलं जातं. म्हणून ते उसळून अंगावर येत नाही. गोल दांडका मात्र पात्याखाली गरकन फिरतो, त्याला व्ही-आकाराच्या ठोकळ्यात धरावं. हातमोजे घालू नयेत, पात्याला आधार देणारा वरचा गाइड लाकडाच्या जेमतेम वर आणावा. नाकावर चांगला मास्क हवाच, कारण कठीण लाकडाचा बारीक भुसा कर्करोगकारक ठरलेला आहे.

यंत्रासोबत येणारं पातं बहुधा सुमार असतं. कापाची रेघ वाकडी जाते, म्हणून यंत्राला नावं ठेवण्याआधी चांगलं पातं चढवावं, ताण नीट द्यावा, वरचं चाक हाताने फिरवून पातं चाकाच्या मध्यावर चालतंय का बघावं आणि मगच स्विच दाबावा.