जेनी लिंड पोल्का
इंग्लंडच्या लोकनृत्यांत हमखास वाजणारी ‘जेनी लिंड पोल्का’ ही धून पारंपरिक म्हणवली जात असली, तरी तिचा कर्ता ठाऊक आहे : जर्मन व्हायोलिनवादक आंटोन वालरस्टाइन. स्वीडिश गायिका जेनी लिंड हिच्या नावाची ही रचना १८४०च्या दशकातली. बोहेमियातला पोल्का हा नाच १८४४ च्या सुमारास लंडनला पोहोचला आणि लोकांना त्याचे अक्षरशः वेड लागले. पुढे छापील स्वरलिपी मागे पडली. खेडोपाडीच्या मेलोडियन, कॉन्सर्टिना नि फिडलवाल्यांनी चाल कानानेच उचलली. ताल दोन मात्रांचा, ठसठशीत. या धूनवरच्या ‘हील अँड टो’ नाचात जोडीदार आधी टाच टेकवतात, मग चवडा, आणि झटपट पावलांत बाजूला सरकतात; तेच उलट दिशेने, मग गिरक्या. लय फार चढवली, तर टाच टेकायलाच वेळ उरत नाही.