दहा मिनिटे आधी की नंतर?

यवतमाळ जिल्ह्यातली दहावी-बारावीची मुले अमरावती विभागीय मंडळाची परीक्षा देतात. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी हातात पडे. पेपरफुटीच्या धास्तीने राज्य मंडळाने २०२३ मध्ये ती सवलत काढली आणि दहा मिनिटे शेवटी जोडली. वेळेचा हिशेब जुळला. पण छातीतली धडधड सुरुवातीलाच असते, त्याचे काय?

गणित सोडवताना हातचा, सूत्र, मधली पायरी हे सगळे मेंदू ज्या जागेत धरून ठेवतो, तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. ही जागा फार तोकडी. ‘नापास झालो तर?’ हा विचार तिथेच ठाण मांडतो आणि पाठ असलेले सूत्र ऐनवेळी सापडत नाही. झरी जामणी, केळापूर भागात घरी कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला मराठी प्रश्न समजून घ्यायलाही हीच जागा खर्चावी लागत असणार.

थोडा ताण मात्र हवाच. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून दिसले, की काम जितके अवघड, तितका कमी ताण सोसतो.

रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये विद्यार्थ्यांना परीक्षेआधी मनातली भीती कागदावर उतरवायला लावली. जास्त घाबरणाऱ्यांचे गुण सुधारले. त्यासाठी दिलेला वेळ होता दहा मिनिटांचा.