अंजिराच्या झाडाला आणखी एक वर्ष

आमच्या घरात सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ मोठ्या कसोटीची असते. दोन डबे, पाण्याची मोटर, मुलाची हरवलेली मोजे-जोडी, आणि आठ दहाची माझी बस. अशाच एका बुधवारी माझे वडील पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. वय चौऱ्याऐंशी. आयुष्यभर शाळामास्तरकी केलेली. आई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात. गेल्या दोन वर्षांत स्मरणशक्तीने त्यांची साथ सोडली आहे.

"आज उपासनेला जायचं ना?" त्यांनी विचारले.

"पप्पा, आज बुधवार. उपासना रविवारी," मी म्हणाले.

पाच मिनिटांनी तोच प्रश्न. मग पुन्हा. सहाव्या वेळी माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली आणि मी खेकसले, "किती वेळा तेच तेच सांगायचं?"

ते काही बोलले नाहीत. शर्टाचे वरचे बटण काढता काढता म्हणाले, "सॉरी बाळ. मी फार त्रास देतो तुला." बसमध्ये बसल्यावरही ते वाक्य माझ्या कानातून जाईना.

त्याच रात्री घरच्या प्रार्थनेत करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय निघाला. प्रीतीचे वर्णन करणारा हा अध्याय ख्रिस्ती घरांतून लहान मुलांनाही पाठ असतो. सकाळी काय खाल्ले हे ज्यांना सांगता येत नव्हते, त्या माझ्या वडिलांनी तो सबंध अध्याय न अडखळता म्हटला. लहानपणी तो मला त्यांनीच पाठ करून घेतला होता. प्रीतीचे जे गुण पौलाने तिथे सांगितले आहेत, त्यांत पहिलाच गुण सहनशीलता. माझी मान खाली गेली. पाठ असणे वेगळे आणि सकाळी सव्वासातला ते उपयोगी पडणे वेगळे!

हा अध्याय आपण बहुधा लग्नसमारंभात ऐकतो. त्यामुळे तो काहीतरी मंगल, कोमल लिखाण आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो एका भांडखोर मंडळीला लिहिलेला आहे. करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीत तट पडले होते. भाऊ भावाला कोर्टात खेचत होता. प्रभुभोजनाला जमल्यावर काही जण आधीच खाऊन घेत आणि काही उपाशी राहत. पौलाला त्यांना सांगावे लागले की जेवायला जमता तेव्हा एकमेकांसाठी थांबा. म्हणजे धीराचा धडा सुरू झाला तो असा, ताटावर बसून वाट पाहण्यापासून! शिवाय मूळ ग्रीक भाषेत प्रीतीचे हे गुण विशेषणे नसून क्रियापदे आहेत. सहनशील 'असणे' हा स्वभाव झाला. पौल सांगतो ती कृती आहे, रोज करायची.

नाकाच्या शेंड्यावरचा राग

आपण मराठीत 'धीर', 'सहनशीलता', 'सोसणे' हे शब्द सरमिसळ वापरतो. नव्या करारात मात्र यासाठी दोन निरनिराळे शब्द येतात. एक 'हुपोमोने', म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणे. आजारपण, छळ, गरिबी अशा परिस्थितीत लागतो तो चिवटपणा. दुसरा 'मक्रोथुमिया'. 'मक्रोस' म्हणजे लांब आणि 'थुमोस' म्हणजे उसळणारा राग. ज्याचा राग लांबून, सावकाश येतो तो माणूस. हा शब्द प्रामुख्याने माणसांच्या संदर्भात येतो. तेरा अध्यायातला शब्द याच कुळातला आहे. गंमत पाहा, कित्येकांना परिस्थिती सोसता येते, माणूस सोसत नाही. कर्करोगाशी शांतपणे झुंजलेली माणसे चहात साखर कमी पडली म्हणून घर डोक्यावर घेताना आपण पाहतो.

जुना करार हिब्रू भाषेत आहे. त्या भाषेत नाक आणि राग या दोन्हींसाठी एकच शब्द आहे, 'अफ'. राग आला की नाकपुड्या फुलतात, श्वास गरम होतो, त्यावरून हे आले असावे. सहनशील माणसाला हिब्रूत शब्दशः 'लांब नाकाचा' म्हणतात. आपणही म्हणतोच की, याच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. ज्याचे नाक लांब, त्याचा राग शेंड्यापर्यंत पोचायला वेळ लागतो! मराठी बायबलमध्ये यासाठी 'मंदक्रोध' असा सुंदर शब्द आहे. आणि तो प्रथम वापरला आहे तो देवासाठी. निर्गमाच्या पुस्तकात, लोकांनी सोन्याचे वासरू करून पूजल्यानंतर, मोशेने पाट्या फोडल्यानंतर, देव आपली ओळख मंदक्रोध अशी करून देतो. ज्या क्षणी रागवायला पुरेपूर कारण होते त्याच प्रसंगी ही ओळख दिली आहे, हे लक्षात घ्यावे.

सहा कोटी दिवसांची मजुरी

ख्रिस्ती विचारात सहनशीलतेचे मूळ इथे आहे. आपण सोसतो ते आपण थोर म्हणून नाही, तर आपल्यालाही कुणीतरी सोसले आहे म्हणून. मत्तयाच्या शुभवर्तमानात पेत्र येशूला विचारतो, भावाला कितीदा क्षमा करावी, सात वेळा? येशू सत्तर गुणिले सात असे उत्तर देतो आणि एक दृष्टान्त सांगतो. एका चाकरावर राजाचे दहा हजार तालांत कर्ज असते. चाकर पाया पडून वेळ मागतो. राजा सगळे कर्ज माफ करतो. बाहेर पडताच हाच चाकर शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याची नरडी धरतो.

आकडे मांडून पाहिले की दृष्टान्ताची धार कळते. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे राजाचे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके! वर्षाला तीनशे दिवस काम धरले तरी दोन लाख वर्षे राबावे लागेल. सोबत्याचे कर्ज शंभर दिवसांचे. मात्र शंभर दिवसांची मजुरी ही काही किरकोळ रक्कम नव्हे. माणसे आपल्याला दुखवतात ते दुखणे खोटे आहे, असे येशू म्हणत नाही. ते शंभर दिनारांचे आहेच. फक्त ते सहा कोटींच्या शेजारी ठेवून पाहा, एवढेच त्याचे म्हणणे. दोन्ही चाकरांच्या तोंडी विनवणीही एकच आहे, 'मला सांभाळून घ्या' अशा अर्थाची, आणि मूळ ग्रीकमध्ये तिथे मक्रोथुमियाचेच क्रियापद आहे. जो शब्द आपण राजाकडे वापरला, तोच आपल्या कानावर आला की ओळखू येत नाही!

थांबणे आणि खणणे

आता प्रश्न असा की, सहनशील राहायचे म्हणजे नेमके करायचे काय? लूकच्या तेराव्या अध्यायात अंजिराच्या झाडाचा दृष्टान्त आहे. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक ते तोडायला सांगतो. माळी म्हणतो, आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणून खत घालतो. माळ्याने नुसती मुदत मागितली नाही, कुदळही हाती घेतली. घरातल्या माणसाला 'आणखी एक वर्ष' देताना आपण त्याच्या भोवती काय खणणार आहोत, हा खरा प्रश्न.

मुलगा रात्री उशिरापर्यंत मोबाइल घेऊन बसतो. रोज ओरडायचे किंवा रोज गप्प बसायचे, असे दोनच मार्ग आपल्याला दिसतात. तिसरा म्हणजे सर्वांचेच मोबाइल, आई-बापाचेही, रात्री दहाला बाहेरच्या खोलीत ठेवणे. सासूबाई प्रत्येक भाजीला नाव ठेवतात. त्यांच्याच हातची एखादी भाजी त्यांच्याकडून शिकून घेतली तर बोलण्याला वेगळे वळण लागू शकते. याकोबाने आपल्या पत्रात क्रमही देऊन ठेवला आहे: ऐकण्यात चपळाई, बोलण्यात संथपणा, रागातही संथपणा. आपले नेमके उलटे होते. समोरच्याचे वाक्य पुरे व्हायच्या आत आपले उत्तर तयार असते. इफिसकरांच्या पत्रात आणखी एक व्यवहारी सूचना आहे: सूर्य मावळायच्या आत राग मिटवावा. राग येऊच नये असे तिथे म्हटलेले नाही. तो दुसऱ्या दिवसावर ढकलू नये, इतकेच.

सोसू नये असेही काही असते

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे 'सोस गं बाई' हा उपदेश पिढ्यान्‌पिढ्या बायकांनाच केला गेला, कधी कधी तर पवित्र शास्त्राचा आधार देऊन. मार खाणाऱ्या बाईला सहनशीलतेचा अध्याय वाचून दाखवणे हा त्या अध्यायाचा अपमान आहे. त्याच अध्यायात प्रीती अन्यायात आनंद मानत नाही असेही सांगितले आहे. चुकणाऱ्याला एकांतात गाठून त्याची चूक दाखवावी, तो न ऐकेल तर साक्षीदार न्यावेत, असे येशूनेच सांगितले. आज त्यापुढचा मार्ग कायद्यानेही दिला आहे. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५चा कायदा २००६च्या ऑक्टोबरपासून लागू आहे. त्याचा आधार घेणारी स्त्री कमी श्रद्धावान ठरत नाही.

पंडिता रमाबाईंकडे पाहावे. विधवांना त्यांनी 'सोसा' असे सांगितले नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले. अन्यायाबाबत त्या अधीर होत्या. त्याच रमाबाई मूळ भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत, शब्दाशब्दाशी झुंजत, वर्षानुवर्षे बसून राहिल्या. अन्यायाची घाई आणि माणसांसाठी सवड, दोन्ही एका ठिकाणी नांदू शकतात.

रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा संसारही असाच अभ्यासण्यासारखा आहे. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि हे दांपत्य काही वर्षे दुरावले. एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे लगेच सोडले नाही. त्यांचे मन आतून बदलले ते त्यांच्या गतीने, आणि मग १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळक शीघ्रकोपी, हातात पैसा न टिकणारे. तो सारा संसार लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये हसत हसत सांगितला आहे. त्या गप्प बसल्या नाहीत, बोलल्या. पण त्या बोलण्याला विनोदाची ऊब होती. घरातल्या धीराला हे खत फार मानवते.

पौलाने सहनशीलतेला आत्म्याचे फळ म्हटले आहे. फळ धरायला आणि पिकायला दिवस लागतात. 'उद्यापासून मी चिडणार नाही' अशी शपथ घेऊन ते येत नाही. प्रार्थनेने मुळाला पाणी मिळते. कुदळ मात्र आपल्यालाच चालवावी लागते.

मी काय केले ते सांगून थांबते. स्वयंपाकघराच्या दाराशी एक पाटी टांगली. रोज सकाळी तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते, 'आज बुधवार. उपासना रविवारी.' वडिलांचे विचारणे थांबले का? नाही. ते अजूनही विचारतात, मीही अजून अधूनमधून चिडते. पण आता त्यांनी विचारले की मी गॅस बारीक करते, त्यांच्याजवळ जाऊन उभी राहते, आणि आम्ही दोघे मिळून पाटी वाचतो. मास्तर ते, शेवटी खडू मागून माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करतात. आठ दहाची बस कधी कधी चुकते. आठ पंचविसाला दुसरी असते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)