तूप कुणाचं? राजा कुणाचा? देव कुणाचा?

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. अण्णा, अक्का, तूप, मडकं, गुंडी, अडकित्ता आणि हुडकणे. या सात शब्दांत सारखं काय आहे, सांगा पाहू? नाही सापडलं? मग पुन्हा एकदा हुडका!

हे सगळे शब्द आपण अस्सल मराठी म्हणून रोज वापरतो. गंमत अशी, की या प्रत्येकाचं भावंडं शेजारच्या कानडी भाषेत नांदतं आहे. कानडीत थोरल्या भावाला 'अण्ण' म्हणतात, थोरल्या बहिणीला 'अक्क'. तुपाला 'तुप्प', मडक्याला 'मडके', सदऱ्याच्या बटनाला 'गुंडि' आणि शोधण्याला 'हुडुकु'. अडकित्त्याची गोष्ट तर आणखी मजेची. कानडीत सुपारीला 'अडिके' म्हणतात आणि ती कातरणाऱ्या हत्याराला 'अडकोत्तु'. आपण सुपारीला सुपारीच म्हणतो. पण आजोबांच्या पानाच्या डब्यातल्या अडकित्त्यात ही कानडी सुपारी गुपचूप लपून बसली आहे!

आता कुणी म्हणेल, "म्हणजे मराठी कानडीतूनच निघाली तर!" लगेच दुसरा तावातावानं म्हणेल, "छे! त्यांनीच आपले शब्द घेतले असतील!" मित्रांनो, हा वाद फक्त शाळकरी मुलांचा नाही बरं का. मोठमोठ्या पंडितांनी त्यावर ग्रंथ लिहिले आहेत. चला तर, आज आपणच पंच होऊन दोन्ही बाजू ऐकू या.

आधी भाषेचं पाहू

शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी, तसे शब्द उसने आणता येतात. टेबल, पेन्सिल, स्टेशन हे शब्द आपण इंग्रजीतून आणले, म्हणून मराठी काही इंग्रजीची मुलगी होत नाही. मग दोन भाषांचं रक्ताचं नातं ओळखायचं कसं? त्यासाठी अभ्यासक अगदी घरातले शब्द तपासतात. आकडे, शरीराचे अवयव, मी-तू असे शब्द. हे शब्द सहसा कुणी उसने घेत नाही.

आपण म्हणतो एक, दोन, तीन, चार. हिंदीत एक, दो, तीन, चार. आता कानडी ऐका : ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. आणि तेलुगू : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. आपल्या नाकाला हिंदीत नाकच म्हणतात. कानडीत 'मूगु' आणि तेलुगूत 'मुक्कु'. आपल्या पाण्याला हिंदीत पानी, कानडीत 'नीरु', तेलुगूत 'नीळ्ळु'. आता तुम्हीच सांगा, कोण कुणाचं भावंड? मराठी आणि हिंदी एका घरच्या, कानडी आणि तेलुगू दुसऱ्या घरच्या. पहिल्या घराला अभ्यासक आर्य भाषाकुल म्हणतात, दुसऱ्याला द्राविड भाषाकुल. दक्षिणेकडच्या भाषांचं घर वेगळं आहे, हे फ्रान्सिस एलिस या इंग्रज अधिकाऱ्यानं १८१६ साली दाखवलं आणि रॉबर्ट काल्डवेल यांनी १८५६ साली त्यावर मोठा व्याकरणग्रंथ लिहिला.

झालं, निकाल लागला? थांबा, इतकी घाई नको. एक छोटा प्रयोग करू. "आपण खेळायला जाऊ" आणि "आम्ही खेळायला जाऊ" या दोन वाक्यांत फरक काय? 'आपण' म्हटलं की समोरचा मित्रही आला. 'आम्ही' म्हटलं की तो बिचारा घरीच राहिला! हिंदीत हा फरक होत नाही. तिथं दोन्हीला 'हम'. पण तेलुगूत तो आहे : सगळे मिळून म्हणजे 'मनं' आणि तुम्हाला सोडून म्हणजे 'मेमु'. म्हणजे मराठीनं शेजाऱ्यांकडून नुसते शब्दच नाही, तर बोलण्याची रीतसुद्धा उचलली, असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

याच्याही पुढं जाऊन फ्रँकलिन साउथवर्थ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९७१ साली असा विचार मांडला, की इथल्या मूळच्या द्राविड बोलणाऱ्या लोकांनी आर्य भाषा आपलीशी केली आणि त्यातून मराठी घडली. आपल्याकडे विश्वनाथ खैरे यांनी मराठीचं नातं तमिळशी जोडलं. हे सर्वांना पटलं असं नाही. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मराठीला महाराष्ट्री प्राकृताची लेकच मानतात. पण ही लेक कानडी-तेलुगू शेजारणींच्या अंगणात खेळून मोठी झाली, एवढं तर कुणीही मान्य करील.

आणि देवघेव एकाच बाजूनं झाली असंही नाही. कानडी माणूस आंदोलनाला 'चळवळि' म्हणतो. हा शब्द आपल्या 'चळवळी'तून तिकडे गेलेला!

गोदावरीपर्यंत कानडी?

आता नकाशा काढा. 'कविराजमार्ग' नावाचा एक जुना कानडी ग्रंथ आहे, इ. स. ८५०च्या सुमाराचा. त्यात म्हटलं आहे, की कानडी मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत पसरला आहे. गोदावरी म्हणजे आपल्या पैठणची, नांदेडची! आमचं आखाडा बाळापूर गोदावरीच्या उत्तरेला आहे, म्हणून थोडक्यात वाचलं म्हणा ना!

या आणि अशा पुराव्यांवरून शं. बा. जोशी या विद्वानांनी १९५२ साली 'मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या' हे पुस्तक लिहिलं. महाराष्ट्राचा मोठा भाग पूर्वी कानडी होता, असं त्यांचं म्हणणं होतं. ते कानडी आणि मराठी दोन्ही भाषांत लिहीत.

आता दुसरी बाजू. इ. स. ७७८ मध्ये उद्द्योतनसूरी या जैन मुनींनी राजस्थानातल्या जालोर इथं 'कुवलयमाला' हा ग्रंथ लिहिला. त्यात बाजारात जमलेल्या देशोदेशीच्या व्यापाऱ्यांचं वर्णन आहे. त्यांत कर्नाटकातले लोक वेगळे आहेत आणि मरहट्टे वेगळे, आपली वेगळी बोली बोलणारे. म्हणजे 'कविराजमार्गा'च्याही आधी आपली बोली लांबच्या बाजारात ओळखली जात होती.

आणि पुढचं ऐका. कर्नाटकात श्रवणबेळगोळ इथं गोमटेश्वराचा प्रचंड पुतळा आहे. तो चावुंडराय या मंत्र्यानं करवून घेतला, हे त्याच्या पायाशी कानडी, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरलं आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव ओळींत तिची गणना होते. आता सांगा : महाराष्ट्रात कानडी शिलालेख सापडतो म्हणून महाराष्ट्र कर्नाटकाचा होत असेल, तर या मराठी ओळीमुळं श्रवणबेळगोळ आपलं होईल का? नाही ना! शिलालेखावरून एवढंच कळतं, की तो वाचणारी माणसं तिथं येत-जात होती.

राजा कुणाचा?

हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ कुणी पाहिलंय? त्या देवळाचं खालचं कोरीव दगडी काम यादवकाळातलं मानतात. देवगिरीचे हे यादव म्हणजे मराठीचे राजे, असं आपण अभिमानानं म्हणतो. ते खरंही आहे. १२९० साली ज्ञानेश्वरी लिहिली गेली, तेव्हा देवगिरीवर रामचंद्रदेव यादव राज्य करीत होता आणि ज्ञानेश्वरीत त्याचा उल्लेख आहे.

पण याच यादवांचे कितीतरी शिलालेख कानडीत आहेत. त्यांच्या एका पूर्वजाचं नाव होतं धाडियप्पा! म्हणून काही अभ्यासक म्हणतात, हे घराणं मूळचं कानडी. दुसरे म्हणतात, राज्य दूर दक्षिणेपर्यंत पसरलं होतं. तिथल्या प्रजेला कळावं म्हणून लेख कानडीत कोरले. आणि स्वतः यादव काय सांगत? "आम्ही श्रीकृष्णाच्या कुळातले, द्वारकेचे स्वामी!" पण गंमत पाहा, त्यांचे कट्टर शत्रू, कर्नाटकातले होयसळ राजे, तेही स्वतःला यदुवंशीच म्हणवीत आणि द्वारकेचीच पदवी मिरवीत. एकमेकांशी लढणारे दोघंही द्वारकेचे!

अशा गोष्टी फक्त आपल्याकडेच घडतात असं नाही. आफ्रिकेत नायजेरिया नावाचा देश आहे. तिथं एडो आणि योरुबा असे दोन शेजारी समाज आहेत. एडोंचं मोठं शहर बेनिन, योरुबांचं पवित्र शहर इफे. राजाला दोन्हीकडे 'ओबा' म्हणतात. योरुबा सांगतात, "आमच्या ओदुदुवा राजाच्या घरातला राजपुत्र ओरान्मियान बेनिनला गेला. त्याच्या मुलापासून तुमचं राजघराणं सुरू झालं." एडो म्हणतात, "अहो, तुमचा ओदुदुवा म्हणजेच आमचा एकालादेरहान! आमच्या राज्यातून घालवून दिलेला राजपुत्र तुमच्याकडे जाऊन राजा झाला." बेनिनचे ओबा एरेदिआउवा यांनी २००४ साली आपल्या आत्मचरित्रात ही दुसरी गोष्ट लिहिली आणि मोठा वाद पेटला. त्या दोन भाषा मात्र एकाच मोठ्या कुलाच्या वेगवेगळ्या शाखांतल्या आहेत, म्हणजे लांबच्या चुलत बहिणी. मराठी आणि कानडीचं तेवढंही रक्ताचं नातं नाही. तरी भांडण कसं अगदी सारखं, पाहिलंत? 'थोरलं घर कुणाचं' हेच ते भांडण!

देव कुणाचा?

आता सर्वांत लाडका प्रश्न. आपला विठोबा! ज्ञानदेवांच्या अभंगात त्याला 'कानडा' म्हटलं आहे. काही जण म्हणतात, कानडा म्हणजे कर्नाटकातला. काही म्हणतात, कानडा म्हणजे कळायला अवघड, अगम्य. पंढरपूरच्या देवळात होयसळ राजा सोमेश्वराचा १२३७ सालचा शिलालेख आहे, तो संस्कृत आणि कानडीत. त्याच देवळात १२७३ ते १२७७ या काळातला देणग्यांचा मोठा लेख आहे, चौऱ्यांशीचा शिलालेख म्हणतात तो. तो मुख्यतः मराठीत आहे. एकाच देवाच्या दारात चाळीस वर्षांत दोन्ही भाषा!

डॉ. रा. चिं. ढेरे यांनी या देवाचा शोध आयुष्यभर घेतला. १९८४ साली त्यांचं पुस्तक आलं, त्याचं नावच आहे 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'. समन्वय म्हणजे मेळ. अनेक लोकांचे, अनेक परंपरांचे धागे एकत्र येऊन हा देव उभा राहिला, असं त्यांनी दाखवलं. आमच्या जिल्ह्यातलं नरसी हे नामदेवांचं गाव मानतात. ते नामदेव विठोबाचं नाव घेऊन पार पंजाबपर्यंत गेले. देव कुठला, यावर ते अडून बसले नाहीत.

मग भांडण कशासाठी?

तुमच्या मनात येईल, बाई, हे जुनं उकरून काय मिळणार? सांगते.

आपला मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. बीदर, गुलबर्गा हे कानडी जिल्हे आणि तेलंगण त्याच राज्यात. मग भाषावार प्रांत झाले आणि मधोमध सीमा आखली गेली. पण माणसं कशी आखणार? सीमेच्या दोन्ही अंगाला दोन्ही भाषा राहिल्या. बेळगावचा वाद तर २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. असा वाद तापला, की मोठी माणसं जुने शिलालेख काठ्यांसारखे हातात घेतात. आणि त्याचा मार लागतो मुलांना.

एका वर्षी माझ्या वर्गात उदगीरकडून एक मुलगी आली. घरात कानडी बोलायची. मुलं तिला चिडवायची, म्हणून ती आपली भाषा लपवू लागली. आजी शाळेत न्यायला आली, तर तिच्याशी बोलेचना, नुसती मान हलवायची. मला फार वाईट वाटलं. मग एके दिवशी तिलाच फळ्यापाशी बोलावलं आणि वर वाचलेले ते सात शब्द तिच्याकडून कानडीत वदवून घेतले. 'तुप्प' ऐकून वर्ग हसला. पण हे हसू वेगळं होतं. ओळखीचं माणूस भेटल्यावर येतं तसं. त्या आठवड्यात सगळा वर्ग ओंदु, एरडु, मूरु म्हणत लंगडी खेळत होता!

मित्रांनो, पंच म्हणून आपला निकाल काय? भाषांच्या घराचा निकाल आकड्यांनी आणि अवयवांच्या नावांनी दिला : मराठी आणि कानडीची घरं वेगळी. राजा मूळचा कुठला, 'कानडा' म्हणजे काय, हे वाद अजून सुटलेले नाहीत. त्यासाठी आणखी पुरावा हवा. आवाज चढवून ते सुटायचे नाहीत. पण एक गोष्ट सगळ्याच पुराव्यांनी सांगितली. हे दोन शेजारी शेकडो वर्षं एकमेकांच्या स्वयंपाकघरापर्यंत ये-जा करीत होते. भांडणारे शेजारी एकमेकांच्या तुपाचं नाव घेत नाहीत!

२००८ साली कानडी आणि तेलुगूला आणि २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा मान मिळाला. तिघींचाही मान मोठा. आपली मोठी ठरवण्यासाठी दुसरीला धाकटी करायची गरजच नाही.

करून पाहा

घरातल्या आजी-आजोबांना विचारा : आपल्या घरात, शेतात, स्वयंपाकात असे कोणते शब्द आहेत, जे पुस्तकात सापडत नाहीत? त्यांची यादी करा. तुमच्या वर्गात कानडी, तेलुगू, उर्दू, लमाणी बोलणारं कुणी असेल, तर त्याच गोष्टीला त्याच्या घरी काय म्हणतात ते शेजारी लिहा. शब्द सारखा निघाला, तर 'कुणी कुणाचा घेतला' असं आधी भांडू नका. आधी दोघं मिळून टाळी द्या, मग हुडकायला लागा!