हॉटेलातलं भूत, नाइट ड्युटी आणि बंद खोली

हॉटेलात, लॉजवर किंवा गोव्याच्या कॅसिनोत कामाला असलेली आपल्या वस्त्यांतली मुलं-मुली सुट्टीला घरी आली की एक गोष्ट हमखास निघते. अमुक मजल्यावरच्या अमुक खोलीत काहीतरी आहे. रात्री तीनला कॉरिडॉरमध्ये पावलं वाजतात, रिकाम्या खोलीतून रिसेप्शनला फोन येतो, स्टाफच्या खोलीत झोपलेल्याच्या छातीवर कुणीतरी येऊन बसतं. ऐकायला मजा वाटते. पण त्यापुढे जे होतं ते मजेचं नसतं. आई मुलाला पुन्हा कामावर पाठवायला तयार होत नाही. कुणी दृष्ट काढतं, कुणी भगताकडे नेतं, अंगाऱ्या-दोऱ्यात महिन्याचा पगार जातो. आणि त्या मुलाच्या शरीराला नेमकं काय झालं होतं, हे कुणी विचारतच नाही. म्हणून या खेपेचं आरोग्याचं पान या विषयाला दिलं आहे.

ज्याला असं काही दिसलं, जाणवलं, तो खोटं बोलतो असं आम्ही म्हणत नाही. त्याला जाणवलं ते खरंच जाणवलं. प्रश्न एवढाच की ते कशामुळे.

आधी गोष्टी कशा तयार होतात ते पाहू. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात एका इंग्रज वास्तुविशारदाचं भूत फिरतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. चेंबर्स नावाचे हे साहेब विलायतेहून परत आले, हॉटेल उलट्या तोंडाने बांधलेलं पाहिलं आणि वरून उडी मारली, अशी ती कथा. खरी हकिकत वेगळी आहे. हॉटेलचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. १९०० साली वैद्य वारले आणि उरलेलं काम चेंबर्स यांनी पूर्ण केलं. डिसेंबर १९०३ मध्ये हॉटेल सुरू झालं. दार चुकून मागे गेलं हेही खरं नाही. मुख्य दार मुळातच शहराच्या बाजूला ठेवलेलं होतं, तिथे आता पोहण्याचा तलाव आहे. समोरचं गेटवे ऑफ इंडिया तर त्या वेळी उभंही नव्हतं, ते १९२४ साली पुरं झालं. म्हणजे मराठी अभियंत्याचं नाव लोक विसरले आणि न घडलेल्या आत्महत्येचं भूत मात्र लक्षात राहिलं!

आता छातीवर बसणाऱ्याकडे वळू, कारण वस्तीत सर्वांत जास्त ऐकू येते ती हीच तक्रार. झोपेत स्वप्नं पडतात त्या काळात मेंदू हातापायांचे स्नायू ढिले सोडतो, नाहीतर आपण स्वप्नातल्यासारखे उठून पळू लागलो असतो. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायू मागून सुटतात. डोळे उघडे असतात, खोली दिसते, पण हात हलत नाही, ओरडता येत नाही, श्वास कोंडल्यासारखा वाटतो. स्वप्न अजून पुरतं संपलेलं नसतं, त्यामुळे कोपऱ्यात सावली दिसते, कानाशी कुणी बोलतं. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. शंभरातल्या सात-आठ जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत तो सुटतो आणि त्याने जीव जात नाही. नाइट ड्युटी, दर आठवड्याला बदलणारी पाळी, अर्धवट झोप आणि उताणं झोपणं, यांमुळे तो वाढतो. हॉटेलातल्या पोरांच्या वाट्याला नेमक्या याच गोष्टी येतात.

असं झालं तर अंग झटकायला जाऊ नका. सावकाश श्वास घ्या आणि एकच बोट किंवा अंगठा हलवायचा प्रयत्न करा. शेजारी कुणी अशा अवस्थेत दिसलं तर हलकेच हाक मारून हात लावा. कुशीवर झोपायची सवय करा. रात्रपाळीवाल्याने दिवसा झोपताना खिडकीला जाड चादर लावावी, फोन लांब ठेवावा, पाळीच्या शेवटच्या काही तासांत चहा-कॉफी टाळावी. घरच्यांनीही त्या वेळी टीव्हीचा आवाज कमी ठेवावा. दहा बाय बाराच्या खोलीत हे अवघड असतं हे आम्हाला माहीत आहे, पण रात्रभर राबून आलेल्या माणसाची झोप ही त्याच्या औषधासारखीच असते. हा त्रास वारंवार होत असेल आणि दिवसाही अचानक डोळा लागत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

परक्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हाही आपला सर्वांचा अनुभव आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा कमी गाढ झोपतो, जणू पहाऱ्यावर राहतो. अशा झोपेत लिफ्टचा खडखडाट, जुन्या नळातलं पाणी, लाकडी जिन्याची करकर, सगळं मोठं ऐकू येतं. त्यात वेटरने आधीच ‘या खोलीत जरा जपून’ असं सांगितलेलं असेल तर विचारूच नका.

कॅसिनोचं गणित आणखी निराळं. मांडवीतल्या बोटींवर असो की अमेरिकेतल्या लास वेगासला, खेळाच्या दालनात सहसा भिंतीवर घड्याळ नसतं, खिडकी नसते आणि दिवे रात्रभर सारखेच जळतात. खेळणाऱ्याला वेळ कळू नये म्हणून हा बेत, पण पत्ते वाटणाऱ्यालाही आणि फरशी पुसणाऱ्यालाही वेळ कळत नाही. एक-दोन रात्री झोप नसली की डोळ्याच्या कडेला माणूस हलल्यासारखं वाटतं, कुणी नावाने हाक मारल्याचा भास होतो. दारू प्यायलेल्याला तर अधिकच. अशा अवस्थेत मोटारसायकलवरून घरी निघणं कोणत्याही भुतापेक्षा जास्त धोक्याचं आहे.

काही वर्षांपूर्वी पंख्याचंही एक कारण गाजलं. इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्री इथले अभियंता विक टँडी यांना प्रयोगशाळेत बाजूला करडी आकृती दिसायची, अंगावर शहारा यायचा. शोध घेतल्यावर खोलीतला हवा बाहेर टाकणारा नवा पंखा कानाला ऐकू न येणारी कंपनं सोडतो असं निघालं. पंख्यात बदल केल्यावर त्रास थांबला. १९९८ मध्ये त्यांनी हे छापलं. पुढे लंडनच्या संशोधकांनी मुद्दाम खोली बांधून अशी कंपनं सोडून पाहिली. लोकांना विचित्र अनुभव आले, पण कंपनं चालू होती की बंद, याच्याशी त्यांचा मेळ बसला नाही. इथे काहीतरी जाणवेल असं आधी सांगितलेलं होतं, तेच बहुधा पुरेसं ठरलं. आम्हालाही पंख्यापेक्षा हेच कारण जास्त पटतं.

ज्या कारणाने माणूस खरोखर मरतो ते आता सांगतो. १९२१ साली अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ विल्यम विल्मर यांनी एका कुटुंबाची हकिकत छापली. जुन्या घरात राहायला गेल्यापासून त्यांना पावलं ऐकू येत, कुणी दिसे, डोकी दुखत, मुलं फिकी पडली, कुंडीतली झाडंही मलूल झाली. कारण निघालं घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचं. ती बिघडली होती आणि तिचा कार्बन मोनॉक्साइड वायू घरात पसरत होता. या वायूला रंग नाही, वास नाही. ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट जोराने तो रक्ताला चिकटतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो म्हणून गळती कळते, पण जळणातून होणारा हा वायू कळत नाही.

आपल्याकडे तो येतो बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमधून, थंडीत खोलीत पेटवून ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीतून आणि जनरेटरच्या धुरातून. त्या खोलीत गेलं की डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि बाहेर आलं की बरं वाटतं, एकाच खोलीतल्या सगळ्यांना एकदम असं होतं, तर तिथे भूत शोधू नका. दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, १०८ला फोन करा. शेगडी पेटती ठेवून दार लावून कधीही झोपू नका. गीझर असलेल्या बाथरूमला हवा जायला वाट नसेल, तर मालकाकडे ती मागून घ्या.

लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात २१ नोव्हेंबर १९८० रोजी आग लागली आणि ८५ माणसं मेली. आग तळमजल्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये आणि कॅसिनोत होती, पण बहुतेक माणसं वरच्या मजल्यांवर धुराने आणि याच वायूने गेली. जिने आणि लिफ्टच्या पोकळीतून धूर वर चढला. कॅसिनोच्या दालनात आगीवर पाणी फवारणारी यंत्रणाच नव्हती. आज तिथले लोक वरच्या मजल्यांवरच्या भुतांच्या गोष्टी सांगतात. हॉटेलात कामाला लागणाऱ्या मुलामुलींनी त्यातून घ्यायचं ते हे: पहिल्या दिवशी आपल्या मजल्यावरून बाहेर पडायचा जिना कुठे आहे ते पाहून ठेवायचं, त्याच्या दाराला कुलूप असेल तर तक्रार करायची, आणि धुरात लिफ्ट वापरायची नाही.

भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधणं, मारणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. आणि झोप पुरी झाल्यावरही कुणाला आवाज ऐकू येत असतील, कुणी आपल्या मागावर आहे असं सतत वाटत असेल, किंवा जुगारात पैसे गेल्यापासून कुणी जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो तिथे न्या. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.