सोलाम्नियाचे नाइट : एका ओळीची शपथ, 37 खंडांची संहिता

‘ड्रॅगनलान्स’ या इंग्रजी कादंबरीमालेतला सोलाम्नियाच्या नाइटांचा पंथ हा अद्भुतकथांच्या जगातला एक अत्यंत विचारपूर्वक रचलेला धर्मपंथ आहे. क्रिन नावाच्या कल्पित जगात अन्सालॉन हा खंड आहे आणि त्याच्या उत्तरेकडे सोलाम्निया हा प्रदेश. तिथल्या या योद्ध्यांना तीन देव आहेत, तीन श्रेणी आहेत, एक शपथ आहे आणि त्या शपथेचा अर्थ लावणारी अवाढव्य संहिता आहे. शूर आणि शब्दाला जागणारे योद्धे कथांत पुष्कळ भेटतात. इथे मात्र लेखकांनी आधी त्यांचा धर्म तपशिलाने उभा केला आणि मग त्याच धर्माची कठोर परीक्षा घेतली. म्हणून चाळीस वर्षांनंतरही हा पंथ अभ्यासण्याजोगा वाटतो.

ही कथा कुठून आली

ट्रेसी हिकमन आणि त्यांच्या पत्नी लॉरा यांना या जगाची कल्पना सुचली ती युटाहून विस्कॉन्सिनकडे मोटारीने जाताना. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढणाऱ्या टीएसआर या कंपनीत ट्रेसी नोकरीवर रुजू होणार होते. तिथे संपादक असलेल्या मार्गारेट वाइस त्यांच्या सहलेखिका झाल्या. दोघांची ‘ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट’ ही पहिली कादंबरी 1984 मध्ये आली आणि त्रयीतल्या उरलेल्या दोन 1985 मध्ये.

खेळ आणि कादंबऱ्या एकाच वेळी तयार होत होत्या, ही बाब महत्त्वाची आहे. या खेळात प्रत्येक खेळाडू एक पात्र होऊन निर्णय घेतो. नाइट झालेल्या खेळाडूला काय करण्याची मुभा आहे, काय निषिद्ध आहे, वरच्या श्रेणीत जायला काय सिद्ध करावे लागते, हे सगळे स्पष्ट हवे. 1987 च्या ‘ड्रॅगनलान्स अ‍ॅडव्हेंचर्स’ या नियमपुस्तकात ते सविस्तर आले. त्यामुळे या पंथाचा धर्म नुसता वातावरणनिर्मितीपुरता राहिला नाही; त्याला आचाराची चौकट मिळाली. हिकमन स्वतः श्रद्धाळू मॉर्मन आहेत. देव आणि माणूस यांच्यातल्या तुटलेल्या व पुन्हा जुळणाऱ्या नात्याची कथा ते मनापासून सांगतात, हे वाचताना सतत जाणवते.

बंडातून झालेला जन्म

पंथाचा संस्थापक विनास सोलाम्नस. तो मूळचा एरगॉथ या बलाढ्य साम्राज्याचा सेनानी. साम्राज्याच्या दूरच्या प्रांतात बंड झाले आणि ते मोडण्यासाठी सम्राटाने त्याला पाठवले. तिथे पोहोचल्यावर त्याने आधी बंडखोरांची गाऱ्हाणी ऐकली. लोक उपाशी आहेत, नाडले गेले आहेत आणि त्यांची तक्रार रास्त आहे, हे त्याला पटले. त्याने आपल्या सैनिकांपुढे दोन वाटा ठेवल्या: ज्यांना सम्राटाकडे परतायचे असेल त्यांनी परतावे, ज्यांना लोकांच्या बाजूने उभे राहायचे असेल त्यांनी थांबावे. बरेचसे थांबले. पुढे युद्ध झाले आणि त्या प्रांताला स्वातंत्र्य मिळाले.

राज्य हाती आल्यावरही विनास अस्वस्थ होता. सत्ता सचोटीने कशी वापरायची, याचा शोध घेत तो सँक्रिस्ट बेटावर गेला. तिथे प्रार्थना करत असताना तीन देवांनी त्याला दर्शन दिले आणि नाइटांचा पंथ स्थापण्याची आज्ञा केली, अशी पंथाची श्रद्धा आहे.

आज्ञापालनाला एवढे मोठे स्थान देणाऱ्या या पंथाची सुरुवातच एका अन्यायी आज्ञेच्या नकारातून झाली. पुढच्या सगळ्या कथेचे बीज इथेच आहे.

तीन देव, तीन श्रेणी

क्रिनच्या देवांचे तीन गट आहेत: शुभ, अशुभ आणि तटस्थ. नाइटांचे तिन्ही देव शुभ गटातले. पॅलाडाइन हा त्या गटाचा प्रमुख. किरी-जोलिथ आणि हॅबाकुक हे त्याचे जुळे पुत्र. प्रत्येक देवाच्या छत्राखाली पंथाची एक श्रेणी येते.

मुकुटाची श्रेणी हॅबाकुकची. तिचे मूल्य निष्ठा आणि आज्ञापालन. देशाशी, सोबत्यांशी, दिलेल्या शब्दाशी इमान राखायला नाइट इथे शिकतो. प्रत्येकाची सुरुवात याच श्रेणीत होते.

तलवारीची श्रेणी किरी-जोलिथची. हा न्याय्य युद्धाचा देव. या श्रेणीचे मूल्य शौर्य आणि त्याग. दुबळ्याच्या रक्षणासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणे हे इथले कर्तव्य. देवाची उपासना या श्रेणीत सर्वांत ठळक असते. तलवारीच्या नाइटाला देवाकडून पुरोहितासारखे सामर्थ्यही मिळते.

गुलाबाची श्रेणी पॅलाडाइनची. तिचे मूल्य विवेक आणि न्याय. शौर्य दाखवून इथे प्रवेश मिळत नाही. शौर्य कधी आवरायचे, दया कुणावर करायची, निवाडा कसा द्यायचा, हे ज्याला कळते त्याच्यासाठी ही श्रेणी.

या क्रमात एक सुंदर विचार आहे. आधी निष्ठा, मग शौर्य, शेवटी विवेक. निष्ठेशिवायचे शौर्य मोकाट सुटते आणि विवेकाशिवायची निष्ठा आंधळी होते. नव्या नाइटाने ही वाट पायरी-पायरीने चढावी, अशी रचना आहे.

शपथ आणि संहिता

पंथाचा आचार दोन गोष्टींवर उभा आहे. पहिली शपथ. ती एका ओळीची आहे आणि तिचा आशय असा की नाइटाची प्रतिष्ठा हेच त्याचे जीवित. मान गमावून मिळवलेला विजय त्याला विजय वाटत नाही आणि शब्द मोडून वाचवलेला जीव वाचला असे तो मानत नाही.

दुसरी संहिता. प्रतिष्ठा म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे पिढ्यान् पिढ्या दिलेले उत्तर. ही संहिता 37 जाडजूड खंडांची आहे. युद्धात शत्रूशी कसे वागावे, वरिष्ठांचा हुकूम कुठवर पाळावा, पदोन्नतीसाठी कोणती कसोटी लावावी, आरोप झालेल्या नाइटाची चौकशी कशी करावी, असे सारे तिच्यात आहे.

सुरुवातीला संहिता ही शपथेची सेवक होती. तरुण नाइटाला प्रसंगी मार्ग दिसावा म्हणून वडीलधाऱ्यांनी आपला अनुभव लिहून ठेवला. हळूहळू खंड वाढत गेले आणि शपथेचा अर्थ अनुभवण्याऐवजी कलमे पाठ करण्याकडे कल वळला. नियम पाळला की प्रतिष्ठा राखली, असे समीकरण बनले. पंथाची सर्वांत मोठी व्याधी ती हीच.

एक आदर्श, एक पतन

पंथाच्या स्मृतीत दोन नावे समोरासमोर उभी आहेत. पहिले ह्यूमाचे. अंधाराची राणी ताखिसिस आपल्या ड्रॅगनांसह जगावर चालून आली, तेव्हा ड्रॅगनभाला हाती घेऊन ह्यूमाने तिला रोखले आणि क्रिनमधून हाकलले. त्या लढाईत तो मेला. त्याने राज्य स्थापले नाही, संपत्ती ठेवली नाही; तरी प्रत्येक नाइट त्याच्या नावाने प्रेरणा घेतो. रिचर्ड नाक यांची ‘द लेजंड ऑफ ह्यूमा’ ही 1988 ची कादंबरी त्याच्यावरच आहे.

दुसरे नाव लॉर्ड सॉथचे. हा गुलाबाच्या श्रेणीचा, म्हणजे सर्वोच्च पायरीवरचा नाइट. एका एल्फ स्त्रीच्या मोहात त्याने आपल्या पहिल्या पत्नीचा घात घडवला. पंथाने त्याला दोषी ठरवले. तरीही देवांनी त्याला प्रायश्चित्ताची एक संधी दिली: इस्टार नगरीत जाऊन येऊ घातलेला प्रलय थांबवण्याची. तो निघाला खरा, पण वाटेत दुसऱ्या, एल्फ पत्नीबद्दलचा संशय मनात भरवला गेला आणि तो माघारी फिरला. प्रलय झाला, त्याची पत्नी आणि मूल आगीत गेले आणि शापित सॉथ मृत्यूनंतरही चिलखतात भटकणारा प्रेत-नाइट झाला. श्रेणी कितीही वरची असो, ती माणसाला पतनापासून वाचवत नाही, हा धडा पंथाने सॉथकडून घेतला.

प्रलयानंतरची अवहेलना

इस्टारचा राजपुरोहित सद्गुणाचा इतका गर्व बाळगू लागला की त्याने देवांनाच हुकूम सोडला. देवांनी एक जळता पर्वत इस्टारवर टाकला. नगरी समुद्रात बुडाली, खंडाचा आकार बदलला आणि सुमारे साडेतीनशे वर्षे देवांचा आवाज कुणाला ऐकू आला नाही.

लोकांनी दोष नाइटांच्या माथी मारला. ज्यांचा देवांशी एवढा संबंध, त्यांनी हे थांबवले का नाही, असा प्रश्न होता. नाइटांना हुडकून मारले गेले, त्यांचे वाडे लुटले गेले, अनेक घराणी नाव लपवून परमुलखात राहू लागली. उरलेल्यांनी संहिता अधिकच घट्ट कवटाळली. देव बोलत नव्हते. हाती पुस्तक तेवढे उरले होते. सत्तास्पर्धेपायी सर्वोच्च पदही रिकामे राहिले.

स्टर्मची कसोटी

या पडत्या काळातला नाइट म्हणजे स्टर्म ब्राइटब्लेड. वडिलांचे चिलखत आणि तलवार त्याला वारशाने मिळालेली. पंथाने मात्र त्याला रीतसर दीक्षा दिलेली नाही. तरी तो शपथ जगतो. ‘ड्रॅगन्स ऑफ विंटर नाइट’ या दुसऱ्या कादंबरीत गुलाबाच्या श्रेणीचा डेरेक क्राउनगार्ड त्याच्यावर अवज्ञेचा आणि भ्याडपणाचा आरोप ठेवतो. डेरेकला संहिता मुखोद्गत आहे आणि सर्वोच्च पदावर त्याची नजर आहे. वृद्ध लॉर्ड गुंथर स्वतःची प्रतिष्ठा पणाला लावून स्टर्मची बाजू घेतात आणि स्टर्मला मुकुटाच्या श्रेणीत प्रवेश मिळतो.

पुढे हाय क्लेरिस्ट्स टॉवर या गडावर, पॅलांथस नगरीकडे जाणारी खिंड राखताना, दोघांचा कस लागतो. कीर्तीच्या मोहाने डेरेक गड सोडून शत्रूवर तुटून पडण्याचा हुकूम देतो. तो निव्वळ आत्मघात आहे हे ओळखून स्टर्म मुकुटाच्या नाइटांना पाठवायला नकार देतो. डेरेकबरोबर गेलेले नाइट मारले जातात. मग ड्रॅगन येतात. त्यांच्यासाठी सापळा रचायला स्टर्मची एल्फ सोबतीण लॉराना हिला वेळ हवा असतो. तो मिळवून देण्यासाठी स्टर्म तटावर एकटा उभा राहतो आणि ड्रॅगनसेनेची सेनानी किटियारा हिच्या भाल्याने मरतो. ही किटियारा एके काळची त्याची सोबतीण. सापळा यशस्वी होतो आणि गड टिकतो.

मुकुटाची श्रेणी आज्ञापालनाची. तिच्याच नाइटाने वरिष्ठाचा हुकूम नाकारला. संहितेच्या शब्दांत तो अपराध ठरतो, शपथेच्या अर्थाने ते कर्तव्य होते. विनास सोलाम्नसने सम्राटाच्या बाबतीत केले तेच स्टर्मने केले. त्यानंतर पंथ बदलू लागला: तिसऱ्या कादंबरीत हेच नाइट लॉरानाला सेनापती म्हणून स्वीकारतात. ती पंथाची नाही, मानव नाही, पुरुषही नाही.

शत्रूने उचललेली शिस्त

‘ड्रॅगन्स ऑफ समर फ्लेम’ या 1995 च्या कादंबरीत ताखिसिसच्या नाइटांचा पंथ दिसतो. त्याचा संस्थापक एरिआकन हा सोलाम्नियाच्या नाइटांचा कैदी होता आणि त्यांची शिस्त जवळून पाहून तो शिकला. त्यानेही लिली, कवटी आणि काटा अशा तीन श्रेणी केल्या, शपथ ठेवली, शब्द पाळायला लावले. शिस्त, त्याग, सचोटी हे सगळे अंधाराच्या सेवेतही जुंपता येते, हे लेखकांनी इथे उघड दाखवले आहे. कुणासाठी लढायचे हा प्रश्न नियमावलीच्या बाहेरच राहतो.

इतिहासातले नातलग

सोलाम्नियाच्या पंथाचे मूळ मध्ययुगीन युरोपातल्या खऱ्या लष्करी धर्मसंघांत आहे. टेम्पलर नाइटांना 1129 मध्ये त्र्वा येथील धर्मसभेत 72 कलमांची नियमावली मिळाली. पुढे ती वाढत कित्येकशे कलमांवर गेली. 1312 मध्ये पोपने हा संघ बरखास्त केला. पोर्तुगालमध्ये त्याची मालमत्ता 1319 मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’कडे आली. याच संघाचा क्रूस शिडांवर मिरवत पोर्तुगीज जहाजे 1498 मध्ये मलबार किनाऱ्यावर आली आणि 1510 मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला. धर्म आणि तलवार एका हाती आली की काय होते, हे कोकण-गोव्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. म्हणूनच ज्या कल्पित पंथाने स्वतःच्या गर्वाची, कर्मठपणाची आणि पतनाची गोष्ट स्वतःच सांगितली, त्याचे मोल आपल्याला अधिक कळावे.

कुठून वाचावे

सुरुवात ‘ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट’पासून करावी आणि ‘ड्रॅगन्स ऑफ विंटर नाइट’ सोडू नये. पंथाचा आत्मा त्या दुसऱ्या पुस्तकात आहे. सॉथ हवा असेल तर 1986 ची ‘लेजंड्स’ त्रयी घ्यावी. वाचताना डेरेक आणि स्टर्म यांच्याकडे सारखे लक्ष ठेवा. दोघांचा पंथ एक, शपथ एक, संहिता एक. नियम कशासाठी केला हे ज्याने लक्षात ठेवले तोच खरा नाइट ठरला, आणि धर्म कोणताही असो, हा निवाडा खरा आहे.